आधी गाणाऱ्याचा माईक, मग ड्रमचा

आम्ही पाच जण मिळून कार्यक्रम करतो: गायिका, कीबोर्ड, बेस गिटार, ढोलकी आणि ड्रमसेटवर मी. कार्यक्रम सगळे लहान जागेतले. पुण्यातल्या सोसायट्यांचे क्लबहाउस, गणपतीतला मांडव, कोजागिरीला एखादी गच्ची, मधूनच एखादा कॅफे, कधी गोव्यात समुद्राकाठचा शॅक. समोर साठ-सत्तर माणसं, फार तर दीडशे. एवढ्याशा जागेत खरा ड्रमसेट न्यायचा, त्याला माईक लावायचे आणि गाण्याला धक्का न लावता तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा, हे जमवायला बराच काळ गेला. मराठीत यावर फारसं लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही, म्हणून जसं जमत गेलं तसं लिहिते आहे.

आपल्याकडच्या ऑर्केस्ट्राला सवय ऑक्टोपॅडची, म्हणजे काठ्यांनी वाजवायच्या आठ पॅडच्या इलेक्ट्रॉनिक वाद्याची. रोलंडने १९८५ साली पहिला ऑक्टोपॅड आणला आणि पुढे तो आपल्या गाण्याच्या कार्यक्रमांत इतका रुळला की आज लहान कार्यक्रमाच्या साउंडवाल्याला ‘ऱ्हिदम’ म्हटलं की ढोलकी-तबल्याचे माईक आणि पॅडची एक लाइन एवढंच डोळ्यांसमोर येतं. पॅडचा आवाज तारेतून सरळ मिक्सरमध्ये जातो. कमी पडला तर फेडर (मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ) वर, जास्त झाला तर खाली. ड्रमसेट माईक नसतानाही वाजतच असतो आणि त्याला खाली ओढायला फेडर नसतो. त्यामुळे मी टेम्पोतून पेट्या उतरवायला लागले की पहिला प्रश्न ठरलेला: “ताई, याला माईक किती लागणार?” प्रश्न रास्त आहे. त्याच्याकडे बारा चॅनलचा मिक्सर असतो आणि त्यातले बरेचसे आधीच वाटून झालेले असतात.

ऑक्टोपॅड मला मनापासून आवडतो. तो वाजवणारे आपल्याकडचे काही कलाकार ऐकताना मी थक्क होते. पण आम्ही भावगीतं आणि जुनी चित्रपटगीतं करतो. स्नेअरवर (खाली तारा लावलेल्या, खणखणणाऱ्या ड्रमवर) ब्रश गोल फिरवताना येणारी सळसळ, काठी आडवी ठेवून रिमवर, म्हणजे ड्रमच्या कडेवर, दिलेला टक, दुसऱ्या अंतऱ्याला राइड सिंबलवर (धातूच्या मोठ्या थाळीवर) हलकेच आलेली लय, कडवं संपताना मुंगीच्या पावलांनी वाढत जाणारा रोल, हे सगळं हाताच्या वजनावर चालतं. मला नेमकं तेच लोकांपर्यंत न्यायचं होतं.

पहिलं काम केलं ते ऐकण्याचं. ओळखीच्या एका ड्रमरला माझ्या जागी बसवलं, बाकी बँड नेहमीसारखा वाजायला लागला आणि मी शेवटच्या रांगेत जाऊन बसले. क्लबहाउस साधारण ४० फूट लांब, २५ फूट रुंद. खाली गुळगुळीत टाइल्स, एका बाजूला काचेची सरकती दारं, वर पीओपीचं छत. ड्रमला एकही माईक लावलेला नव्हता. तरी क्रॅश (जोरात झणकारणारी थाळी) आणि हाय-हॅट (पायाने मिटणाऱ्या दोन थाळ्या) गाण्याच्या शब्दांवर चढत होते. स्नेअर कानाला टोचत होता. टॉम (वेगवेगळ्या सुरांना लावलेले बाकीचे ड्रम) ऐकू येत होते, पण कोणता टॉम वाजला ते कळत नव्हतं. आणि किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, जवळजवळ नव्हतीच. जो ठोका सगळ्या गाण्याला उभं करतो तो बेस गिटारखाली गाडला गेला होता.

त्या संध्याकाळी एक गोष्ट पक्की झाली. ड्रमसेट हे एक वाद्य म्हणून मोठं किंवा लहान करता येत नाही. त्यातली काही वाद्यं लहान हॉलला आधीच जास्त होतात आणि काही पोचतच नाहीत. सगळ्यांना माईक लावून सगळं वर नेलं की जे जास्त होतं ते आणखी जास्त होणार.

मग एक प्रयोग केला, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची किल्ली त्यातच आहे. गाणं थांबवलं, फक्त ड्रम चालू ठेवले आणि साउंडवाल्या दादांना म्हटलं, “गायिकेचा माईक तेवढा चालू-बंद करत राहा.” माईक बंद असताना ड्रम जागच्या जागी, स्टेजवर वाजत होते. फेडर वर गेला की तेच हाय-हॅट आणि क्रॅश दोन्ही स्पीकरांमधून बाहेर यायचे, पातळ, थोडे उशिरा, कर्कश होऊन. म्हणजे माझ्या ड्रमसेटला एक माईक आधीपासून लागलेलाच होता, आणि तो सगळ्यात वाईट जागी होता.

कारण सरळ आहे. गाण्याचा नेहमीचा माईक, उदाहरणार्थ शुअरचा एसएम५८, कार्डिऑइड असतो. तो समोरचं सगळ्यात जास्त ऐकतो, बाजूचं कमी आणि पाठीमागचं सगळ्यात कमी. गायिकेचं तोंड प्रेक्षकांकडे, म्हणून माईकचं तोंड गायिकेकडे, आणि गायिकेच्या बरोब्बर मागे मी. माईक थेट ड्रमसेटकडेच बघत असतो, मध्ये आड काय ते तिचं डोकं. मी दोन मीटर मागे बसले असेन तर माझे सिंबल त्या माईकपर्यंत जवळपास ६ मिलिसेकंद उशिरा पोचतात, कारण हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. ही उशिरा आलेली प्रत मूळ आवाजात मिसळली की सिंबलचा स्वच्छपणा जातो. त्यात गायिकेच्या चॅनलवर कंप्रेसर कडक लावलेला असला तर आणखी बिघडतं. ती गाते तेव्हा कंप्रेसर आवाज दाबून धरतो, ती श्वासाला थांबली की सोडतो, आणि ओळीओळीच्या मधल्या फटीतून माझा हाय-हॅट उसळून वर येतो.

म्हणून ड्रमच्या माईकची खरेदी बाजूला ठेवून आम्ही स्टेजची मांडणी बदलली. ड्रमसेट मधोमध ठेवायची पद्धत दिसायला छान दिसते, पण लहान स्टेजवर मी ती सोडली. आता मी एका कोपऱ्याकडे, थोडी तिरकी, आतल्या बाजूला तोंड करून बसते. गायिका दुसऱ्या बाजूला सरकून दोन फूट पुढे उभी राहते. त्यामुळे मी तिच्या माईकच्या थेट समोर न येता बाजूला येते, आणि कार्डिऑइड माईक काटकोनातल्या बाजूचा आवाज समोरच्यापेक्षा साधारण ६ डेसिबल कमी घेतो. माझ्या मागे मांडववाल्याकडचा जाड पडदा आणि खाली सतरंजी. भिंतीवरून परत येणारा आवाजही त्याच माईकमध्ये शिरत असतो, तो पडद्याने बराच मरतो.

दुसरी गोष्ट गायिकेच्या हातातली होती. माईक ओठांपासून चार इंचांवरून दोन इंचांवर आणला की तिचा आवाज माईकमध्ये जवळपास ६ डेसिबलने वाढतो. तेवढा गेन (मिक्सर माईकचा आवाज किती वाढवतो ते) खाली घेता येतो आणि तेवढेच माझे सिंबलही खाली जातात. तिला हे स्पीकरवर ऐकवलं तेव्हा तिने लगेच सवय करून घेतली. जाळी मुठीत धरून गाणं मात्र टाळायला लागतं. जाळीच्या मागच्या बाजूने येणारी हवा अडली की माईकची दिशा ओळखण्याची ताकद जाते, तो चारी बाजूंचं ऐकायला लागतो आणि शिट्टी मारतो.

आता माझी बाजू. मिक्सरवर कितीही बटणं असली तरी सिंबल हळू वाजवण्याचं काम हातालाच करावं लागतं. मी पातळ सिंबल घेतले, ते लवकर उघडतात आणि लवकर मिटतात. ५बी काठ्यांच्या जागी ७ए आणल्या, त्या बारीक आणि हलक्या असतात. काही गाण्यांना बारीक काड्यांची जुडी बांधलेल्या रॉड्स. हाय-हॅटवर काठीचा खांदा मारण्याऐवजी टोक लावायला लागले. स्नेअर आणि किक आहे त्याच जोराने, हाय-हॅट आणि क्रॅश निम्म्या जोराने, असा हातापायांचा वेगळा तोल बसवायला रोजच्या रियाझात वेळ द्यावा लागला. ज्याला लहान जागेत वाजवायचं आहे त्याने आधी हे करावं असं मी आग्रहाने सांगेन. बाकी सगळं यावर उभं राहतं.

ट्यूनिंगकडेही तेव्हाच नीट लक्ष गेलं. आमचे ढोलकीवाले काका कार्यक्रमाआधी पुडी लावताना जो जीव ओततात तो बघून मला माझ्या ड्रमच्या चाव्या फिरवण्याची शिस्त लागली. ड्रमची कातडी आता प्लॅस्टिकची, मायलरची असते. अमेरिकेतली रेमो कंपनी १९५७ साली सुरू झाली ती याच मायलरच्या कातड्यांवर. पावसाळ्यात काकांची पुडी उतरते, माझं मायलर फारसं हलत नाही, ही मोठी सोय. पण प्रत्येक बोल्टजवळ सूर सारखा नसेल तर टॉम गुणगुणत राहतो, आणि तो गुणगुणणारा सूर माईकमध्ये दुप्पट ऐकू येतो. बोल्टजवळ बोटाने टिचकी मारत, समोरासमोरचे बोल्ट जोडीने फिरवत एकदा सूर जमला की पुढे ईक्यूला (मिक्सरवर खालचे-वरचे सूर कमी-जास्त करायच्या बटणांना) हात लावायचं निम्मं काम वाचतं. स्नेअर जास्त खणखणला तर कडेला छोटासा जेलचा तुकडा.

एवढं झाल्यावर पहिला माईक लावला तो किकला. आजही माझ्याकडे एकच चॅनल उरला असेल तर तो किकलाच जातो.

माझी किक २० इंची आहे. लहान हॉलला २२ इंचीपेक्षा ही आटोक्यात राहते. आत एक जुनी गोधडी घडी करून ठेवली आहे, दोन्ही कातड्यांना जेमतेम टेकेल अशी. पुढच्या कातड्याला मध्यापासून बाजूला पाच इंचांचं भोक आहे, त्यातून माईक आत जातो. माईक बीटरच्या (पायाच्या पॅडलने किकवर आदळणाऱ्या दांड्याच्या) जवळ नेला की ‘टक’ वाढतो, भोकाकडे मागे आणला की अंग वाढतं. अगदी भोकाच्या तोंडाशी ठेवू नये, तिथे प्रत्येक ठोक्याला हवेचा झोत आदळतो. किकसाठी खास बनवलेले माईक असतात. शुअरचा बीटा ५२ए किंवा एकेजीचा डी११२ कुठेही विचारले तर माहीत असतात. ज्याला कातड्याला भोक पाडायचं नाही त्याने आत गोधडीवर नुसता ठेवायचा चपटा बाउंडरी माईक बघावा. त्याची वायर मात्र ड्रमच्या हवेच्या छोट्या छिद्रातून किंवा दुसऱ्या एखाद्या वाटेने बाहेर काढायची तजवीज करावी लागते.

माईक लावल्या लावल्या जो आवाज येतो तो सहसा पुठ्ठ्याचं खोकं बडवल्यासारखा असतो. ३०० ते ४०० हर्ट्झच्या आसपास बऱ्यापैकी कापलं की तो खोकेपणा जातो. मग ६०-७० हर्ट्झला थोडं अंग, ३ ते ४ हजारांच्या दरम्यान बीटरचा टक. टक फार महत्त्वाचा. लहान स्पीकर खालचा धक्का पूर्ण देऊ शकत नाहीत, तेव्हा कान टक ऐकून ठोक्याची जागा पकडतो. बेस गिटारवाल्याशी बोलून घेतलं: ६०-७० जवळची जागा किकची, १०० च्या वर त्याची. त्याने स्वतःच्या अँपवर खालचं थोडं कमी केलं आणि दोघंही एकदम मोकळे झाले.

स्पीकरच्या बाबतीत आम्हाला बहुतेक ठिकाणी स्टँडवरचे दोन १२ इंची मिळतात. ५०-६० हर्ट्झच्या खाली त्यांच्याकडून काही मागण्यात अर्थ नसतो. जबरदस्ती केली तर आतला लिमिटर आवाज दाबतो, आणि त्याच स्पीकरमधून गायिकाही गात असल्यामुळे किकच्या प्रत्येक ठोक्याला तिचा आवाज बसतो. म्हणून सब (फक्त खालचे सूर वाजवणारा वेगळा स्पीकर) नसेल तेव्हा किकलाही ५० च्या खाली लो-कट (खालचे सूर कापणारी सोय), आणि बाकी सगळ्या माईकना १०० च्या आसपास. फक्त ढोलकीचा धूम (खालच्या सुराची बाजू) त्यातून वगळायचा. सब मिळाला तर त्यात किक, बेस गिटार, कीबोर्ड आणि ढोलकीचा धूम एवढंच वेगळ्या ऑक्झिलरीवरून, म्हणजे मिक्सरच्या वेगळ्या वाटेने, पाठवायचं. गाण्याचा माईक सबमध्ये जाऊ द्यायचा नाही, नाहीतर माईक स्टँडला लागलेला पायही हॉलभर घुमतो. सब भिंतीला किंवा कोपऱ्याला लावला की जोर वाढतो. ६० हर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण पावणेसहा मीटर भरते, त्यामुळे २५ फुटी हॉलमध्ये एका खुर्चीवर किक धडाडते आणि चार पावलांवर गायब होते. याला इलाज म्हणजे चालणं. मी हॉलभर फिरते, सब थोडा सरकवायला सांगते, परत फिरते.

दुसरा माईक कुठे, यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. स्टुडिओत डोक्यावर दोन कंडेन्सर (बारीक आवाजही टिपणारे माईक) लावतात. ग्लिन जॉन्स या इंग्रज रेकॉर्डिस्टच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत ड्रमरांमध्ये प्रसिद्ध आहे: एक माईक किटच्या वर, दुसरा उजव्या बाजूला फ्लोअर टॉमपलीकडे (जमिनीवर पायांवर उभ्या असलेल्या टॉमपलीकडे), आणि दोन्ही स्नेअरच्या मध्यापासून अगदी सारख्या अंतरावर. मी हे अंतर सुतळीने मोजते. सुतळीचं एक टोक स्नेअरवर बोटाने धरायचं, पहिल्या माईकपर्यंत ताणून गाठ मारायची, मग तीच गाठ दुसऱ्या माईकला लागली पाहिजे. अंतर सारखं असलं की स्नेअरचा आवाज दोन्हीकडे एकाच क्षणी पोचतो आणि भरीव येतो. मांडवात किंवा उघड्यावर ही पद्धत मला फार आवडते.

क्लबहाउसमध्ये मात्र डोक्यावरचा माईक लागत नाही. तिथे सिंबल पोचलेलेच असतात, वरचा माईक तेच आणखी गोळा करतो. मला हवे असतात टॉम, स्नेअरचं अंग आणि ब्रशची सळसळ. म्हणून तिथे मी एकच छोटा कंडेन्सर खाली लावते: किकच्या वरच्या कडेजवळ, रॅक टॉम (वर बसवलेला लहान टॉम) आणि फ्लोअर टॉमच्या मधल्या जागेत, स्नेअरकडे बघणारा. सिंबल त्याच्या डोक्यावर आणि बाजूला राहतात, ड्रम त्याच्या समोर येतात. किकचा माईक आणि हा माईक एकत्र चालू केले की एक गोष्ट न चुकता करायची. मिक्सरवर या चॅनलचं फेजचं (आवाजाची लहर उलटी करणारं) बटण असेल तर ते दाबून आणि सोडून दोन्ही ऐकायचं. एका स्थितीत किक पोकळ वाटते, दुसऱ्या स्थितीत भरते. भरीव असेल ती ठेवायची. कॅफेसाठी हे दोन माईक पुरतात, त्यापुढे मी जात नाही.

कंडेन्सरला ४८ व्होल्टची फँटम पॉवर (मिक्सरमधून केबलवाटे जाणारी वीज) लागते. लहान मिक्सरवर बहुतेक वेळा सगळ्या चॅनलना मिळून एकच फँटम बटण असतं. ते फेडर खाली असतानाच दाबायचं, नाहीतर स्पीकरमधून असा दणका येतो की पहिल्या रांगेतल्या आजी उठून जातात.

तिसरा माईक स्नेअरचा, आणि तो आला ब्रशमुळे. काठीने स्नेअर कुठेही पोचतो, ब्रशची फिरकी पाचव्या रांगेतही जात नाही. इथे शुअरचा एसएम५७, जो १९६५ पासून बाजारात आहे आणि जवळजवळ प्रत्येक साउंडवाल्याकडे असतो. रिमच्या वर दोन बोटं, तोंड मध्याकडे तिरकं, पाठ हाय-हॅटकडे. पाठ हाय-हॅटकडे ठेवणं विसरायचं नाही, नाहीतर हा स्नेअरचा माईक न राहता हाय-हॅटचा होतो. काठीच्या गाण्याला मी हा फेडर जवळजवळ बंद ठेवायला सांगते, ब्रशच्या गाण्याला वर. गाण्यांच्या यादीवर साउंडवाल्या दादांसाठी प्रत्येक गाण्यापुढे ‘ब्रश’ किंवा ‘काठी’ लिहून ठेवते, त्यांना ते फार सोयीचं वाटतं.

या दादांशी नीट बोलणं हा कामाचा अर्धा भाग आहे. मी दोन दिवस आधी व्हॉट्सअ‍ॅपवर चॅनलची यादी पाठवते: कमीत कमी दोन, जमल्यास तीन, उघड्यावर पाच. माईक, छोटे स्टँड आणि केबल माझे. कनेक्टर आणि केबल तपकीर गल्लीतून आणून घरीच सोल्डर केलेत, प्रत्येकावर रंगीत टेप आहे. पुढे आम्ही पैसे जमवून बेहरिंगरचा एक्सआर१८ घेतला. त्याला १६ माईक इनपुट आहेत आणि तो टॅब्लेटवर चालतो. त्यामुळे शेवटच्या रांगेत उभं राहून किकचा खोकेपणा कापता येतो. हॉल रिकामा असताना मात्र सगळं ठरवून टाकू नये. माणसं आणि त्यांचे कपडे वरच्या पट्टीतला आवाज भरपूर शोषतात. रिकाम्या क्लबहाउसमध्ये बोचणारा राइड साठ माणसं बसल्यावर बरोबर लागतो. मी साउंडचेकला सिंबलला कात्री लावत नाही, पहिल्या गाण्यानंतर बघते.

हमिंगबद्दल थोडं. मांडवातल्या माळा आणि डिमरच्या वायरींना समांतर माईकची केबल गेली की गुणगुण येते. ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडावं, आणि मिक्सर व स्टेजवरचे अँप एकाच बोर्डावरून घ्यावेत. हम घालवायला अर्थिंगची पिन काढा असं सुचवणारे भेटतात. ते कधीही करू देऊ नये. गायिकेचे ओठ धातूच्या जाळीला लागलेले असतात आणि गिटारवाल्याचा हात तारांवर असतो, तिथे शॉक म्हणजे जीव जाण्याची गोष्ट आहे.

गच्चीवर सगळा हिशोब उलटा होतो. कोजागिरीला आम्ही वाजवतो तिथे वर आकाश, बाजूला गुडघ्याएवढा कठडा, आवाज परतून देणारी भिंत नाही. क्लबहाउसमध्ये टोचणारा स्नेअर तिथे सुका आणि लहान होतो, टॉम मरतात, किक तर स्टेजवरून उतरतच नाही. तिथे पाचही माईक लागतात: किक, स्नेअर, वरचा एक, आणि दोन्ही टॉमना रिमला चिमट्याने लागणारे. टॉमच्या चॅनलवर गेट लावायचा, म्हणजे टॉम वाजला तरच तो उघडतो आणि एरवी सिंबल त्यातून झिरपत नाहीत. गेट इतकाच घट्ट करायचा की हलका टॉम गिळला जाणार नाही. भावगीतांत टॉम बहुधा हलकाच वाजतो. एका जुन्या ऑक्टोपॅडवाल्या दादांनी सुचवलं होतं की किकला ट्रिगर (ठोका ओळखणारा सेन्सर) लावून पॅडमधला आवाज वाजवावा. बऱ्याच पॅडना मागे ट्रिगरचं इनपुट असतंच. वारा जास्त असेल तेव्हा ही सोय खरोखर कामाची आहे, वाऱ्याचा फरफराट माईकमध्ये येतो, ट्रिगरमध्ये येत नाही. मी त्यात खऱ्या माईकचा थोडा आवाज मिसळते, म्हणजे पायाचा हलका-जड भाव टिकतो.

गोव्यात वाजवताना एक वेगळाच मोकळेपणा मिळतो. तिथे तियात्र या कोकणी नाटकासोबत ट्रम्पेट, कीबोर्ड, ड्रमसेट असा जिवंत बँड बसतो, लग्नातही बँड असतो, त्यामुळे साउंडवाल्याला ड्रमसेट नवा नसतो. एका शॅकवर तिथल्या दादांनी काही न विचारता किकला एक, वर एक माईक लावला, दोन मिनिटं ऐकलं आणि वरचा हातभर खाली आणला. झापांचं छत आणि खाली वाळू, दोन्ही आवाज पिणारी, त्यामुळे सिंबल तिथे फार गोड लागतात. खारी हवा मात्र बोल्ट गंजवते. परतल्यावर प्रत्येक बोल्ट कोरड्या फडक्याने पुसून तेलाचं बोट लावावं लागतं.

आवाजाच्या मर्यादेचा विचार मी पहिल्या दिवसापासून करते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. सणांच्या काही ठरावीक दिवशी सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं. जोरात मारलेला स्नेअर माझ्या कानाशी १०० डेसिबलच्या वर जातो, म्हणून मी कानात प्लग घालूनच बसते आणि प्रत्येक ड्रमरने घालावेत. शेजाऱ्यांनाही झोप आहे, परीक्षा आहेत, आजारपणं आहेत. हलकं वाजवून चांगलं ऐकवता येत असेल तर लहान जागेत ड्रमसेटला बोलावणं येत राहील, यावर माझा विश्वास आहे. दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमात सहाच्या आधी स्पीकर लावत नाहीत, तेव्हा सुरुवातीची दोन गाणी आम्ही माईकशिवाय करतो. मी फक्त ब्रश आणि पायाचा हाय-हॅट वाजवते, काका ढोलकीवर नुसती बोटं ठेवतात, आणि गायिका अंगणात मधोमध उभी राहून गाते. स्पीकर सुरू झाले तरी नंतर फेडर तेवढ्याच उंचीला बांधायचा.

सध्या काम चाललंय ते ढोलकी आणि ड्रमच्या जोडीवर. एका लावणीत आम्हा दोघांचा सवाल-जवाब आहे. काकांच्या धूमच्या बाजूचा माईक माझी किक उचलतो, आणि त्याला लो-कट लावला तर धूमच जातो. काकांना माझ्यापासून दूर, गायिकेच्या पलीकडे बसवून पाहिलं, आवाज स्वच्छ झाला, पण नजरेला नजर भिडेना आणि सवाल-जवाबाला ती लागतेच. आता काका माझ्या समोर तिरके बसतात. धूमच्या माईकची पाठ किककडे, दोघांमध्ये फोमची एक बुटकी फळी, आणि त्या तुकड्यापुरती मी गोधडी किकच्या कातड्याला घट्ट दाबून बसवते. काका म्हणाले, “अजून थोडी दाब, मला माझा धूम ऐकू येऊ दे.” पुढच्या तालमीला फळी हातभर उंच करून बघणार आहोत.